सेकंडच्या मालाचं धुकं

गाडी रद्द झाल्याचं कळलं
तेव्हा आमची रिक्षा स्टेशनच्या वळणावर होती.
अंबादासनं निरोप दोनदा वाचला,
मग मोबाईल खिशात घातला,
जसं काही चुकून दुसऱ्याचं पत्र उघडलं होतं.
आता काय, परत? रिक्षावाल्यानं विचारलं.
परतच. पण मागच्या बोळातून घे, बाबा,
पुढून अख्खी गल्ली आत्ताच टाटा करून गेलीय.

दूध बंद केलेलं. पेपर बंद.
खालचे चार माग आठ दिवसांसाठी थांबवलेले.
आमच्या लग्नातसुद्धा त्यातले दोन चालू होते.
बॅगेत चार स्वेटर, मंगळवार बाजारातले.
दुकानदार हसला होता, सोलापुरात, मे महिन्यात?
उटीला चाललोय, म्हणाले होते मी,
जरा मोठ्यानंच.

किल्ली मागायची म्हणून फक्त लक्कव्वाला सांगितलं.
तिनं गळ्याची शपथ घेतली.

पहिल्या रात्री कुणाला झोप नाही.
ठकठक नव्हती ना खाली.
भार्गव उठून बसला अंधारात,
अम्मा, घर बंद पडलं का?

दुसऱ्या दिवशी चव्वेचाळीस.
पंखा तव्यावरचा वारा वाटत होता.
गाडीसाठी बांधलेल्या कडक भाकऱ्या, शेंगाचटणी
आम्ही स्वयंपाकघरात बसून खाल्ल्या,
खिडकीकडे तोंड करून, सवयीनं.
नवनीता स्टेशनपासून एक शब्द बोललेली नाही.
तेरा वर्षांची आहे, तिच्या मैत्रिणींना
फोटो पाठवायचे कबूल केलेले.

संध्याकाळी तिनंच खालून गठ्ठा ओढत आणला.
सेकंडचा माल. काठ तिरपे, रंग उतरलेले,
व्यापाऱ्यानं परत केलेले टॉवेल, साठ-सत्तर तरी.
बॅरलपाशी नेऊन ठेवला.
मी ओरडले, पाणी शुक्रवारी येणार आहे, हात लावू नकोस!
अंबादास, जो तांब्या मोजून अंघोळ करतो,
म्हणाला, बुडव.

गच्चीवर दोऱ्या बांधल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
ओले टॉवेल सोडले ओळीनं
आणि मधल्या बोळात चटई टाकून आम्ही चौघं.
हिप्परग्याकडून वारा आला
आणि अंगावरून गेला तो चक्क गार.
भार्गव पळत जाऊन स्वेटर घालून आला.
घाम टपटपत होता, काढायला तयार नाही.
नवनीता बोलली मग. इथून दरी सुरू होते, म्हणाली,
कठड्याच्या कडेला जाऊ नका.
पलीकडे पाण्याच्या टाक्या, अँटेना, बंद गिरणीचं धुराडं.
त्या धुराड्याला तिनं दोड्डबेट्टा ठरवलं.

रात्री पोरं झोपल्यावर
अंबादास एका टॉवेलच्या काठावरून बोट फिरवत राहिला.
ही गाठ, म्हणाला, वीज गेली होती तेव्हाची.
हा तिरपा काठ भार्गवच्या तापाच्या रात्रीचा.
आणि हे भोक?
हे तू माहेरी गेली होतीस, रागावून.
दोन दिवस सगळाच माल असा निघाला.

सतरा वर्षं मागांच्या वरताण ओरडूनच बोलतोय आम्ही.
मीठ संपलं, तेही ओरडून.
याचा आवाज मुळात इतका हळू आहे
हे मला माहीतच नव्हतं.

शुक्रवारी रात्री दोनला पाणी आलं.
उटीला असतो तर पाळी चुकली असती,
असं मी म्हणाले आणि कुणीच हसलं नाही,
मग सगळेच हसले.

आठव्या दिवशी बॅगा घेऊन पुढच्या दारानं उतरलो,
रिक्षातून, रीतसर. भाडं चाळीस रुपये, चौकापासून.
गल्लीला सगळं ठाऊक होतं, पहिल्याच संध्याकाळपासून.
रोज रात्री आमची गच्ची दिसत होती त्यांना,
टॉवेलांसकट.
तरी एकेकजण उंबऱ्यात आला.
कसं होतं मग? थंडी होती?
कोपऱ्यावरच्या गज्जमकाकांनी तर चहाच्या मळ्यांचं विचारलं.

भार्गव म्हणाला, धुकं होतं. खूप.
खळीचा वास येत होता त्याला.

लक्कव्वा तोंडाला पदर लावून आत गेली.
अंबादासनं खाली जाऊन बटण दाबलं,
एकच माग चालू केला त्या दिवशी.
बाकीचे तीन, म्हणाला,
उद्या बघू.